काळं कुंकू आणि वाटाण्याचा कोंब

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला कवडसा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही पडलात स्लॅबच्या घरातली मुलं, तेव्हा जरा सरकून बसा, कंदिलाची वात थोडी खाली घेतो आणि पहिल्यापासून सांगतो. आपल्या पनवेलला जुन्या आळ्यांमधून घरांवर कौलं असायची, पावसाच्या आधी माणूस लावून ती परतून घ्यावी लागत, आणि कितीही नीट परतली तरी माकडाच्या एका उडीनं चार कौलं सरकायची ती सरकायचीच. मग त्या फटींतून दुपारचं ऊन थेट शेणानं सारवलेल्या जमिनीवर उतरायचं. आता गंमत अशी, की वर फट तिकोनी असो, लांबट असो, नाहीतर कौलाचा कोपरा उडालेला असो, खाली पडणारा कवडसा आपला गोल तो गोलच. का, तर तो फटीचा आकार नसतोच मुळी. ती सूर्याची छबी असते. फट लहान आणि जमीन तिच्यापासून पुरेशी लांब असली, की सूर्याच्या एकेका भागाकडून आलेला उजेड सरळ रेषेत आत शिरतो आणि खाली अख्खा सूर्य काढून ठेवतो. खोटं वाटत असेल तर ग्रहणाच्या दिवशी बघा. १६ फेब्रुवारी १९८० ला दक्षिणेत खग्रास ग्रहण झालं, आपल्याकडे ते खंडग्रास होतं, आणि लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले होते. त्या अंधारात ज्यांनी वर न बघता नुसतं जमिनीकडे पाहिलं, त्यांच्या घरभर कोरीच कोरी पसरल्या होत्या, आणि त्याही उलट्या तोंडाच्या.

अंधारी खोली, तिला एक भोक, आणि समोर उलटं चित्र. कॅमेरा म्हणजे एवढंच. फोटोवाला तिकाटण्यावरच्या लाकडी पेटीमागे काळ्या कापडात डोकं घालून उभा राही, तेव्हा त्याला आतल्या दुधी काचेवर समोरचं सगळं कुटुंब खाली डोकं वर पाय असं दिसत असे, आणि पोर ओळखीचं असलं तर तो क्षणभर त्यालाही कापडाखाली घेई. आपला आजा आणि आजी छताला लोंबकळताना बघून पोर जे खिदळत सुटे, ते फोटो निघेपर्यंत काही केल्या थांबत नसे.

तर चित्र निसर्गानं फुकट दिलेलं होतं. अडलं होतं ते ते धरून ठेवण्यात. ती युक्ती १८३९ साली पॅरिसात दागेर नावाच्या माणसानं जगापुढं मांडली, आणि ती आपल्या किनाऱ्याला यायला फार वेळ लागला नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या अगदी पहिल्यांपैकी. तिच्या मागोमाग दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉक्टर नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण असे आपले लोक त्या काळात कॅमेरा हाताळत होते. तेव्हा मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे होडीनं खाडीतून पनवेलच्या बंदराला उतरायचं आणि पुढं बोरघाट चढायचा, म्हणजे रेल्वे येईपर्यंत फोटोच्या पेट्या घेऊन देशावर निघालेला माणूस आपल्याच वेशीवरून गेला असणार. आणि पेट्या तरी किती! तेव्हाची काच ओली असे. तिच्यावर औषध ओतायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथं तंबूच्या अंधारात धुवायचा, सगळं दहा-पंधरा मिनिटांत. त्या औषधात ईथर, आणि ईथर कोकणातल्या उन्हात किती वेळ टिकणार! म्हणून छोट्या गावात फोटोचं दुकान निघणं तेव्हा शक्यच नव्हतं. पुढं जिलेटीन लावलेली कोरडी काच तयार मिळायला लागली, डब्यातून आणायची आणि सवडीनं वापरायची, तेव्हा कुठं बेताच्या भांडवलाचा माणूस तालुक्याच्या गावी पाटी लावून बसू शकला.

ते दुकान म्हणजे घरच असे. पुढच्या खोलीत राजवाड्याचा नाहीतर बागेचा रंगवलेला पडदा, कोरीव पाठीची एक खुर्ची, भिंतीला आरसा, आरशाखाली फणी आणि पावडरचा डबा. मागं अंधारी खोली. आणि त्याच्याही मागं चूल. मुलगा औषधं कालवायला, घरची बाई छापलेले फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायला, म्हातारे वडील हिशेबाला. वीज येण्याआधी सगळा कारभार खिडकीच्या उजेडावर चाले, आणि ती खिडकी उत्तरेची असावी असं विलायती पुस्तकांत लिहिलेलं, कारण सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेकडून येतो तो नुसता आभाळाचा मऊ, सारखा उजेड. पण ही गोष्ट लंडनची. आपलं पनवेल १९ अंशांवर. इथं मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठी उभी केली तर दुपारी तिची सावली तिच्या पायातच जाते, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो! म्हणजे पुस्तकातल्या खिडकीतून ऐन उन्हाळ्याच्या शेवटी ऊन आत यायचं आणि गिऱ्हाइकाच्या नाकाची सावली हनुवटीवर पाडायचं. मग जूनमध्ये पाऊस येई आणि कर्नाळ्याच्या सुळक्यापासून प्रबळगडापर्यंत सगळं आभाळ ढगांनी झाकून टाकी, तेव्हा त्या खिडकीला पुन्हा हवा तसा उजेड मिळे. लग्नं मात्र तोवर संपलेली असत!

आता चला अंधाऱ्या खोलीत. काचेवर जे पिवळट साय धरल्यागत दिसतं, त्यात चांदी असते. ब्रोमिनशी संगनमत केलेली, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक स्फटिकांमध्ये. एकेका स्फटिकात चांदीचे अब्जावधी कण. पेटीचं झाकण निमिषभर उघडलं की उजेड आत येतो, आणि ज्या स्फटिकावर तो पडला त्यात चांदीचे जेमतेम चार-पाच अणू मोकळे होऊन एका ठिपक्यात गोळा होतात. एवढंच. काच बाहेर काढून बघाल तर कोरी दिसेल, सूक्ष्मदर्शकाला सापडणार नाही, तरी फोटो निघालेला असतो आणि काळजी घेतली तर महिनोन्‌महिने तसाच दडून राहतो. मग ती काच डेव्हलपरच्या ताटात बुडवली, की ते चार अणू भांडंभर दुधात पडलेल्या विरजणाच्या थेंबासारखे सगळ्या स्फटिकाला आपल्या वळणावर नेतात आणि अख्खा स्फटिक चांदीचा होतो. ही चांदी इतकी बारीक असते की चकाकत नाही, काळी दिसते. ज्या स्फटिकांवर उजेड पडलाच नाही, ते बिचारे तसेच राहतात, त्यांना हायपोच्या पाण्यानं विरघळवून काढायचं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं १८१९ मध्येच पाहून ठेवलं होतं. वीस वर्षं ती माहिती नुसती पडून होती आणि फोटोची विद्या निघाल्यावर एकदम कामाला आली.

आणि हे स्फटिक काचेला धरून ठेवतं ते जिलेटीन. जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेलं. त्याची एक हकिकत आहे. अमेरिकेतल्या कोडॅकच्या कारखान्यात एकाच रीतीनं केलेल्या मसाल्याची कधी फार तेज फिल्म होई, कधी मंद, आणि कुणालाच कारण कळेना. चांदी तीच, ब्रोमिन तेच, माणसंही तीच. शेवटी सॅम्युअल शेपर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं जिलेटीन उकरून पाहिलं आणि १९२५ मध्ये उत्तर सांगितलं: ज्या गुरांनी चरताना मोहरीच्या जातीची झाडं खाल्ली, त्यांच्या जिलेटीनमध्ये मोहरीच्या झणक्यातलं गंधकाचं द्रव्य अगदी नावापुरतं उतरतं, आणि ते गंधक स्फटिकांच्या अंगावर बारीक ठिपके करून उजेडाला पकडायला मदत करतं. फोडणीत तडतडते ती मोहरी, बघा! कुठल्या तरी माळावर गाईनं मोहरीचा पाला खाल्ला, म्हणून कुणाचा तरी लग्नातला फोटो स्पष्ट आला. मला ही हकिकत जितक्या वेळा सांगावी तितकी कमीच वाटते.

त्या खोलीत लाल दिवा असे तो काही शोभेला नव्हे. जुनी काच निळ्या-जांभळ्या उजेडानं चटकन जागी होई, पुढच्या काचांना हिरवाही कळू लागला, पण तांबड्याच्या बाबतीत त्या ठार आंधळ्या. म्हणून तांबड्या उजेडात फोटोवाला खुशाल डोळ्यांनी बघत काम करी. आता या आंधळेपणाची खूण तुमच्या घरातच असेल. पणजीचा फोटो काढा, कपाळ बघा. कुंकू काळंभोर आहे ना? पुष्कळांना वाटतं की पणजी बुक्का लावायची. नाही बाबांनो, लालभडकच लावायची; पण काचेला तो लाल दिसलाच नाही, तिथं उजेडच आला नाही असं ती समजली, आणि छापताना तिथं काळं उमटलं. तिची निळी नऊवारी पांढुरकी आली असेल. कुणाचे डोळे निळसर घारे असतील तर ते काचेगत फिकट आले असतील. आणि आपली कातडी परत पाठवते त्यात तांबडा-पिवळा उजेडच जास्त, तेव्हा गोरीगोमटी नवरीही सावळी उतरे आणि सासरच्यांना दाखवायचा फोटो म्हणून भांडण दुकानात येई. मग फोटोवाला टोकदार शिसपेन्सिल घेऊन निगेटिव्हवर नवरीच्या गालांवरून बारीक बारीक रेघोट्या मारत बसे, कारण निगेटिव्हवर जिथं काळं वाढेल तिथं छापात उजळ येतं. त्याला रिटचिंग म्हणत, आणि ज्याचा हात त्यात बसला त्याच्या दुकानाला लग्नसराईत उसंत नसे.

अशा फोटोच्या दुकानातून कुठं कुठं वाटा फुटल्या ते सांगायला मला एक खरा दुकानदार आठवतो. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणत, फोटोचा धंदा करत होते; त्यांनी १८९६ मध्ये हलत्या चित्रांचा खेळ पाहिला, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. पण मला सांगायचंय ते दुसऱ्याबद्दल. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, बडोद्याच्या कलाभवनात शिकून तयार झाले आणि गुजरातेत गोध्र्याला त्यांनी फोटोचं दुकान टाकलं. छोटं गाव, नवी पाटी, तरुण बायको, लहान मूल. प्लेगात दोघंही गेली. दुकान मोडून फाळके पुन्हा बडोद्याला आले आणि तिथं पुन्हा फोटोचा व्यवसाय करू लागले, तर अफवा अशी, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो. गिऱ्हाईक येईना. आपल्याकडेही फोटो काढला की आयुष्य उणं होतं असं म्हणणारी म्हातारी घराघरात होती, आणि मी तिला वेडी म्हणणार नाही. काळ्या कापडाखालचा माणूस आणि समोर काचेचा डोळा, हलू नका, पापणी मिटू नका असा हुकूम, आणि चार दिवसांनी आपलंच तोंड कागदावर! घाबरायला एवढं पुरे आहे.

फाळक्यांनी मग काय काय केलं! नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, पुराणवस्तू खात्यात फोटो काढले, घाट चढून वर गेलं की लोणावळा, तिथं छापखाना आणि ब्लॉक करण्याचा कारखाना घातला, आणि शेवटी येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहून त्या वेडानं लंडन गाठलं. १९१२ मध्ये विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन परत आले. आता हे घरचं दुकान कसं चालायचं ते ऐका. कोरी फिल्म बिनभोकांची येई. ती अंधारात यंत्राला लावून काठाकाठानं हजारो भोकं पाडायची, ती एकसारखी नसली तर चित्र नाचणार. आणि हे काम करीत त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. दिवसभर माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री अंधार करून फिल्मला भोकं, औषधं कालवणं, फिल्म धुणं. त्यांचं नाव पाटीवर नव्हतं, पण त्यांच्या हाताखालून न गेलेली फिल्म त्या घरातून बाहेर पडत नव्हती, आणि मला विचाराल तर आपल्या चित्रपटाची गोष्ट सांगताना त्यांचं नाव पहिल्या दमात यायला हवं.

पैसा मात्र नव्हता. पैसेवाल्यांना ही विद्या पटवायची तर काहीतरी दाखवायला हवं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून जास्त दिवस त्या कुंडीची थोडी थोडी छबी घेत राहिले. त्यातून मिनिटभराहून जराशी मोठी फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. तुम्हीच हिशेब करा: तेव्हा सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं पळत, म्हणजे मिनिटाला हजारभर, आणि महिन्यात ती वाटली तर रोजची तीसेक होतात. आपोआप चालणारं काही नाही. कुणीतरी उठून, वेळ सांभाळून, हँडल तेवढंच फिरवलं असणार, आणि उजेड रोजचा वेगळा. एवढं झाल्यावर पडद्यावर काय दिसलं असेल! माती फुगते, तडकते, कोंबाचा वाकडा गळा वर येतो, पानं उलगडतात, आणि मग तणावे हवेत घिरट्या घालत आधार शोधायला लागतात. वाटाण्याचा वेल खरंच घिरट्या घालतो; डार्विननं अशा वेलींजवळ बसून घड्याळ लावून ते मोजलं होतं, तास-दोन तासांत एक फेरा होतो. आपल्या परसात पावसाळ्यात दोडका मांडवाची काठी शोधतो तेही असंच, पण आपल्याला ते दिसत नाही, कारण आपण दोडक्याजवळ दोन तास बसत नाही. फाळक्यांनी महिना एका मिनिटात बसवला आणि वनस्पतीची हालचाल माणसाच्या डोळ्यांच्या वेगाला आणून दिली. देवदेवतांच्या आधी, राजाच्या आधी, आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपट करणाऱ्यानं एक कोंब दाखवला, याचा मला फार आनंद होतो.

तो कोंब बघून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्जाऊ पैसे दिले, आणि 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. रोहिदासाचं काम फाळक्यांच्याच मुलानं, भालचंद्रानं केलं. घरचं दुकान, घरचा राजपुत्र. बाहेरच्या चित्रणाला मंडळी गेली ती माथेरानच्या डोंगराच्या पलीकडे वांगणीला, म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नव्हे. फाळके मागून यायचे होते. ढाली-तलवारी घेतलेली, दाढ्या लावलेली पन्नास-साठ माणसं गावात शिरलेली बघून लोकांना वाटलं दरोडा पडला, पाटलानं फौजदाराला कळवलं आणि अख्खी अयोध्या अटकेत गेली. फाळके आल्यावर त्यांनी पेटी उघडून दाखवली, प्रसंग करून दाखवला, तेव्हा कुठं सुटका. ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला, हे तुम्हाला शाळेत सांगितलेलं असेलच.

आमच्याकडच्या लहान दुकानांचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगण्याजोगं आहे. रंगीत फिल्म आली, ती धुवायला शहरातल्या लॅबकडे जायची, म्हणून अंधारी खोली बंद झाली. मग डिजिटल आला आणि फिल्मही गेली. तोवर वापरून झालेला हायपोसुद्धा वाया जात नसे, त्यात उतरलेली चांदी काढून घेणारे लोक तो विकत नेत. एक शत्रू मात्र पहिल्यापासून होता, तो म्हणजे आपला पाऊस. शंभर इंचांच्या वर पाऊस, चार महिने ओली हवा, आणि जिलेटीन म्हणजे बुरशीला पक्वान्न. ती निगेटिव्हवर नक्षी काढत चेहरे खाते, भिंगावर चढली तर तिच्या आम्लानं काचसुद्धा कोरली जाते. म्हणून जुने फोटोवाले भिंगं कोरड्या डब्यात ठेवत आणि पाऊस उघडला की उजेडाला काढून ठेवत. बुरशीला उजेड सोसत नाही.

आणि पनवेलच्या जुन्या वाड्यांतून माळे उतरवायचं काम आता रोज कुठं ना कुठं चालू आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा. माळ्यावर काळपट काचांची चळत निघाली तर ती भंगारात घालू नका आणि खरवडून तसबिरींना लावू नका. पूर्वी अशा कितीतरी काचा धुऊन फ्रेमला गेल्या. काच कडेनं धरायची, पाणी लावायचं नाही, एकीवर एक रचायची नाही, मध्ये कागद घालून कडेवर उभी ठेवायची. मग पांढरा मोबाइल पडदा मागं धरून एक एक काच बघायची, दुसऱ्या मोबाइलनं तिचा फोटो घ्यायचा आणि काळ्याचं पांढरं करून पाहायचं. कुणाची कोण आहेत हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा, आणि लवकर विचारा.